पहारा कुणावर

ऑफिसात सगळे तिला अक्का म्हणायचे. पाणीपुरवठ्याच्या यंत्रांवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम तिनंच लिहिलेला. त्यातला ‘पहारा’ हा क्लास म्हणजे एक साचा. त्यात पंप घाला, झडप घाला, टाकी घाला, तो त्यावर नजर ठेवणार. अडचण एकच होती. नोंदीच्या प्रत्येक ओळीपुढे नुसतं ‘पहारा’ उमटायचं. बोंब नेमकी कुणाची, ते कळायचं नाही.

त्या दुपारी जेवण उरकून अक्कानं लॉगरची, म्हणजे नोंदी लिहिणाऱ्या भागाची, नाव छापायची पद्धत बदलली. आता साच्यासोबत आतला मालही दिसू लागला. पहारा‹पंप›. पहारा‹झडप›.

“सुटलो बुवा एकदाचे,” शेजारचा टेस्टर म्हणाला. मग त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. “आणि हे काय गं?”

पहारा‹बाबा›: दाब कमी होत आहे.

दोघांनी सगळा कोड पालथा घातला. ‘बाबा’ नावाचं त्यात काहीच नव्हतं. नुसत्या ‘पहारा’ नावानं ही ओळ मात्र नवी नव्हती. महिनाभर ती येतच होती. कुठल्यातरी पंपाची असेल म्हणून दोघांनी तिच्याकडे काणाडोळा केला होता.

अक्कानं घरी फोन लावला.

“मला काय धाड भरलीय?” वडील हसले. “चहा पितोय. तू जेवलीस ना?”

पहारा‹बाबा›: दाब कमी होत आहे.

तिनं धाकट्या भावाला गाठलं. “त्यांना आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने.”

“ताई, अगं चांगले गप्पा मारतायत की! डॉक्टरला सांगू काय?”

खरंच, काय सांगणार? “काहीही सांग, पण ने.”

तिनं प्रोग्राम बंद केला, पुन्हा चालू केला. नाव पुसून पद्धत पहिल्यासारखी केली. आता सगळ्या ओळी पुन्हा एकसारख्या.

पहारा: दाब सामान्य.

पहारा: दाब सामान्य.

पहारा: प्रवाह थांबला.

“पंप असेल गं,” टेस्टर पुटपुटला. तिच्याकडे न बघता.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊ नुसताच रडत होता.

पंधरवड्यानं अक्का कामावर आली. टेस्टरनं तिच्या गैरहजेरीत ती नवी पद्धत पुन्हा बसवली होती. वरून हुकूमच होता. तिला बघताच तो पडद्यासमोर आडवा उभा राहिला.

“सरक,” ती म्हणाली.

तो सरकला.

पहारा‹बाबा›: उत्तर नाही. पुन्हा जोडण्याचा प्रयत्न सुरू आहे.