बेचाळीस दातांचा आवाज

वाचकहो, पुढील हकीकत मी मनोरंजनासाठी रचलेली नाही. ज्यांच्यावर हा प्रसंग ओढवला, ते मच्छिंद्रदादा माझे थोरले चुलतबंधू असून आजही केदारखेड्यास हयात आहेत. त्यांच्या तोंडून जे ऐकले, तेच येथे नम्रपणे मांडीत आहे. शेवटचा प्रसंग तर मी स्वतः अनुभवला आहे.

सन १९९४. अक्षय्य तृतीया नुकतीच उलटली होती.

गावाबाहेरच्या माळावर मुरुमाची एक जुनी खदान आहे. तिच्या काठाशी मातीचा उभा चढ. चढ संपला की पुढे जमीन नाही...

खाली खोल खड्डा, आणि पलीकडे दुसरा काठ.

त्या वर्षी राजूरच्या काही हौशी मंडळींनी माळावर मोटारसायकलच्या शर्यती ठेवल्या. शेवटच्या फेरीत चढावरून गाडी उडवायची आणि पलीकडच्या काठावर टेकवायची, हीच त्या शर्यतीची खरी परीक्षा होती.

दादांनी यासाठी एक जुनी येझदी घेतली होती. ती पूर्वी टेंभुर्णीच्या पुंजारामची. वर्षापूर्वी याच खदानीवर सराव करताना पुंजाराम गेला. गाडी काठावरच्या बाभळीत अडकून राहिली. तो मात्र खाली पडला.

हे ठाऊक असूनही दादांनी गाडी घेतली. तारुण्यात मनुष्यास मरण दुसऱ्याचेच वाटते.

गाडी नीट करणारे अजमत मिस्त्री मोठे जाणकार. त्यांनी पोत्यावर दोन स्प्रॉकेट मांडली. मागच्या चाकाची चेन ज्या दातेरी चकतीवर फिरते, ती ही वस्तू. दात कमी असले, तर गाडी जड, घोगऱ्या आवाजात वेगाने पळते. पण चढाला दम सोडते. दात जास्त असले, तर ती किंचाळते, पण चढते.

"हे बेचाळीस दाताचं. पुंजारामनं हेच लावल्तं," अजमत म्हणाले. "आन् हे अठ्ठेचाळीसचं. बोंबलंल, पन वर नेईल."

"बेचाळीसच लावा, चाचा. मागं राह्यलो तं लोक हसतेन."

"हसू दे की! हसनारेच खांदा द्यायला जल्दी येतेत."

दादा हसले. बेचाळीसचे स्प्रॉकेट बसले.

त्याच दिवशी, तिन्हीसांजेला, दादा एकटेच माळावर गेले.

वारा पडलेला होता. पाखरूही बोलत नव्हते.

त्यांनी गाडी सोडली. मागे धुळीचा लोट उठला. अर्धा माळ ओलांडला असेल...

मागून दुसरी गाडी आली.

तोच जड, घोगरा आवाज. दादांनी वळून पाहिले.

कोणी नव्हते.

त्यांनी वेग वाढवला. त्या आवाजानेही वाढवला. मग तो बाजूने पुढे निघाला... चढाला लागला... वर गेला... आणि जमीन सुटल्यावर चाक जसे मोकळे घोंगावते, तसा घोंगावला.

दादा गाडी थांबवून ऐकत राहिले.

गाडी उडाली, म्हणजे ती टेकली पाहिजे. पलीकडे, नाहीतर खाली.

ती टेकलीच नाही.

दादांनी चढाकडे पाहिले. मे महिन्यातला माळ. शेळी चालली तरी धुरळा उठतो.

चढावर धुळीचा एक कणही उडालेला नव्हता.

रात्री द्वारकावहिनींनी दादांच्या ताटात पाहिले. भाकरी तशीच होती. वहिनींना तेव्हा दिवस गेलेले होते.

"काय झालं वो? गाडी रुसली का?"

"काई न्हाई."

"मंग जेवा की. त्या गाडीला जेवढे हात लावता तेवढे भाकरीला लावा."

दुसऱ्या दिवशी अजमत मिस्त्रींनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

"खदानीचा घुमारा असंल," ते म्हणाले. "आपलाच आवाज फिरून येतो. बघू आपुन. आज अठ्ठेचाळीसचं लावतो. घुमारा असंल तं तोबी तसाच बोंबलंल."

चकती मोठी, म्हणून चेनीला कड्या जोडाव्या लागल्या. दिवस मावळताना दोघेही माळावर पोहोचले. अजमत बाभळीखाली उभे राहिले.

दादांनी गाडी सोडली. ती किंचाळत निघाली. क्षणभर त्यांना धीर आला.

आणि मग...

त्या किंचाळण्याच्या खालून, जड, घोगरा, सावकाश...

बेचाळीस दातांचा आवाज.

तो चढाला लागला. वर गेला. घोंगावला.

टेकला नाही.

दादा परत आले, तेव्हा अजमत घाईघाईने पाने-पेचकस पिशवीत भरत होते.

"चाचा, ऐकलं का?"

"गाडीवर बसू नको. ढकलत घे."

"ऐकलं का न्हाई?"

"ढकलत घे म्हन्लं न्हवं तुला!"

द्वारकावहिनींना कळले, तेव्हा त्यांनी दादांचा हात आपल्या पोटावर ठेवला. "हेची आन घ्या. जाऊ नका."

दादांनी हात काढून घेतला. शर्यतीत दिलेले, सगळ्या गावाला ठाऊक झालेले नाव मागे घेणे त्यांना जमले नाही. शिवाय त्यांनी मनाची समजूत घातली होती: पुंजारामला बेचाळीसने मारले, आपल्याला अठ्ठेचाळीस आहे.

शर्यत भर दुपारी झाली. माणसांनी माळ फुलला होता. शेवटच्या फेरीत दादा सर्वांच्या पुढे होते.

एकाएकी लोकांचा गलका बंद झाला. लोक हात हलवीत होते, तोंडे उघडत होते, आवाज नव्हता.

फक्त त्यांची गाडी किंचाळत होती.

आणि डाव्या गुडघ्याशी... ती घोगरी गाडी.

पोटरीला सायलेन्सरची धग लागली. जळक्या ऑइलचा वास आला. आवाज पुढे सरकला, चढला, घोंगावला...

दादांनी आयुष्यात एवढ्या आतुरतेने कशाचीही वाट पाहिली नव्हती. टेक रे. एकदा टेक.

काही नाही.

त्यांनी ब्रेक दाबला. गाडी ऐन काठावर आडवी झाली. मुरूम खड्ड्यात घरंगळला. मागच्या गाड्या वळून, उडून, सुखरूप पलीकडे टेकल्या. धप्. धप्. प्रत्येकीचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.

"काय मच्छिंदर," कोणीतरी ओरडले, "बायको मागं बसून ब्रेक दाबती काय रे?"

सारा माळ हसला.

अजमत मिस्त्रींनी त्याच संध्याकाळी अठ्ठेचाळीसचे स्प्रॉकेट काढून दुकानात खिळ्याला टांगले. ते आजही तेथेच गंजत आहे. गाडी जालन्यास भंगारात गेली. पुढे कोणी शर्यतीही ठेवल्या नाहीत.

येथे ही हकीकत संपावयास हवी होती.

परंतु सन २००३ च्या उन्हाळ्यात मी दादांकडे मुक्कामास होतो. आम्ही दोघे ओट्यावर बसलो होतो. दिवेलागण झाली होती.

माळाच्या दिशेने गाडीचा आवाज आला.

तेथे तर आता वेड्या बाभळी माजल्या आहेत. वाट उरलेली नाही.

दादांचा उजवा हात हळूहळू मुठीत वळला, पुढच्या ब्रेकवर वळतो तसा.

"पुंजाराम का, दादा?" मी विचारले.

"नीट ऐक. पुंजारामची अशी बोंबलत न्हवती."

मी ऐकले. आवाज उंच होता. किंचाळणारा.

"शर्यतीच्या दिवसापून बदलला तो," दादा म्हणाले. "हे अठ्ठेचाळीस हाये. माझं."

वहिनी आतून धावत आल्या. माणूस जागेवर आहे ना, हे पाहावे तसा त्यांनी दादांचा दंड दाबून पाहिला. खांदा चाचपला. मग पुन्हा दंड घट्ट धरला.

दूर तो आवाज चढाला लागला... वर गेला... आणि घोंगावला.

"द्वारके," दादांनी अगदी हळू विचारले, "टेकली का गं?"

वहिनींनी नकारार्थी मान हलवली.

आम्ही तिघे अंधार पडेपर्यंत ऐकत राहिलो.