मामाच्या ट्रॅक्टरची वाळू

“अहो मॅडम, खिशातला फोन तेवढा काढता? हात बरबटलेत...”

हर्षदानं मान वर केली. समोर यवतचा रुद्र, कोपरापर्यंत सिमेंटच्या मालानं माखलेला. तिनं दोन बोटांनी फोन काढून त्याच्या कानाला लावला... आणि उगीचच लाजली.

कुरकुंभच्या त्या टाक्यांच्या कारखान्यात ती वाळूची वही सांभाळायची. कुणाचा ट्रॅक्टर, कुठली वाळू, कुठल्या टाकीत गेली, सगळं तिच्या अक्षरात. रुद्रनं तिथं एक मशीन जुळवलं होतं. सोऱ्यातून कुरडई पाडावी तसा नळीतून माल पडायचा, थरावर थर, साच्याशिवाय टाकी! शनिवारी टाकी उभी राहिली नाही, तर मशीन भंगारात आणि रुद्र घरी, असं मालकांनी बजावलं होतं.

“कवा उभी ऱ्हायची तुमची कुरडई?”

“तुम्ही बघायला थांबलात की लगेच.”

“थांबते की... यष्टी चुकली तरी!”

गुरुवारी सातव्या थराला टाकीची भिंत खचून खाली बसली.

“पाणी जास्त झालं असंल. माझंच चुकलं,” रुद्र म्हणाला. त्याचा पडलेला चेहरा तिला बघवेना.

तिनं मूठभर वाळू पाण्याच्या बाटलीत घालून हलवली. वर दोन बोटं गाळ साचला. नदीच्या वाळूत एवढा गाळ नसतो. वहीत मात्र ‘भीमेची वाळू’! ती आणली होती शंकरमामानं. इतरांची वाळू ती तपासून घ्यायची, पण सख्ख्या मामावर संशय कसा घ्यायचा? तो म्हणाला, तिनं लिहिलं. आता खरं सांगावं तर मामाचं काम जाणार, आईचं माहेर तुटणार. गप्प बसावं तर रुद्र जाणार.

शुक्रवारी ती बाटली घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली.

“मामाची वाळू ओढ्याची हाय. म्या बघितलीच न्हाई. चूक माझी हाय.”

“मालकांना नका सांगू, मामांचं—”

“सांगून आले.”

मालक ओरडले, मामाची वाळू बंद झाली, मामा घरी येऊन आईशी भांडून गेला. हर्षदा रडली, पण वही खरी केली. दुसरी वाळू दोघांनी मिळून चाळली, धुतली. शनिवारी टाकी उभी राहिली.

“मला मामांकडं नेता?” रुद्रनं हळूच विचारलं.

“भांडायला?”

“न्हाई... मनधरणी करायला. बोहल्यावर तुमच्यामागं मामा उभा नको?”

हर्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ओठांवर हसू.

“लई रागीट हाय मामा.”

“असू दे की. तुमचं काय?”

“माझं... व्हय हाय.”