गाठ मारलेला ठोंब

विळा उगारलाच होता सोजरनं, तेवढ्यात गवतातनंच आवाज आला — "थांबा... तेवढा ठोंब सोडा."

बघते तर एक माणूस पोटावर पालथा, नाकासमोर वही. दिवाळीनंतर मंद्रूपच्या माळावर माणसं गवत कापायला येतात, झोपायला कुणी येत नाही. सोजरला वाटलं, प्यालाय मेला. मग त्यानं बोट दाखवलं. पवन्या गवताच्या ठोंबात हातभर गोल जाळं, दंवानं भिजलेलं. मधोमध पिवळ्या पट्ट्यांची कोळीण, आठही पाय जोडीजोडीनं ताणून बसलेली.

त्याचं नाव जालिंदर. सोलापुरात मिलच्या चाळीत राहायचा, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकायचा, अन् माळावरच्या कोळ्यांवर प्रबंध लिहायचा होता त्याला. कोळ्यापायी पोटावर झोपणारा माणूस पहिल्यांदाच बघितला, असं म्हणून सोजर हसली खरी, पण विळा तिनं खाली घेतला.

माळाची रीत अशी, की ज्यानं शेंड्याला गाठ मारली, गवत त्याचं. त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्यानं विळा लावायचा नाही. सोजरनं त्या ठोंबाला गाठ मारली. मग रोज सकाळी ती बाकीचं गवत कापायची, तो जाळ्याच्या तारा मोजायचा. कोळीण जुनं जाळं खाऊन नवं विणते, हे त्यानंच सांगितलं. नर तिच्यापुढं नखाएवढा. जाळ्याच्या कडेला येतो, एक तार हलवतो... अन् थांबतो.

"आन् तिला न्हाय पटलं तर?"

"तर जीव जातो त्याचा... कधी कधी."

"तरी येतो?"

"येतो की," जालिंदर म्हणाला, अन् वहीत बघत राहिला. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

खोटं कशाला बोला, सोजरचा जीव त्याच्यात गुंतला होता. नेमकं तेव्हाच श्रीपूरच्या साखर कारखान्यातल्या नोकरदाराचं स्थळ आलं. रविवारी पाहुणे येणार, सुपारी फुटणार, असं तिच्या बापानं, महिपतीनं ठरवून टाकलं. तिनं जालिंदरला सांगितलं. त्याची पेन्सिल थांबली. नोकरी नाही, गुंठाभर रान नाही, एवढंच तो कसंबसं बोलला.

"तुमचा त्यो नखाएवढा नर बरा," ती म्हणाली. "तार तरी हलवतो."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. शनिवारपर्यंत सगळा माळ कापून उघडा पडला, एवढा एकच ठोंब उभा. कोळीण अंडी घालून मरून गेली होती. गवताला तिची अंड्यांची तपकिरी पिशवी तेवढी चिकटलेली. सोजरच्या डोळ्यांत पाणी आलं. आता कुणासाठी राखायचं, म्हणून ती विळा घेऊन वाकली — अन् तशीच राहिली.

तिच्या गाठीखाली दुसरी गाठ होती. वेडीवाकडी, निम्मं गवत मोडून मारलेली.

"ही कुणाची?" मागं भारा बांधणारा महिपती म्हणाला. "आपल्या माणसाची न्हाय ही गाठ."

सोजरनं मान वर केली. माळाच्या कडेला, बाभळीखाली जालिंदर उभा होता. पहिल्या एसटीनं आलेला असणार. पुढं यायचा धीर नव्हता, अन् मागंही फिरत नव्हता.

"त्येची हाय, आबा," ती म्हणाली. "सुपारी फोडू नगा. मला त्येच्याच घरी जायचंय."

महिपती खाली बसला. श्रीपूरकरांना दिलेला शब्द, गावातलं नाव, सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं मोडलेलं गवत हातानं सरळ केलं. मग त्यानं हात करून पोराला बोलावलं.

जालिंदर आला. "विचारायला आलोय," म्हणाला.

"मला काय इचारतोस?" महिपती म्हणाला. "पयली गाठ तिची हाय. तिला इचार."

जालिंदर तिच्याकडं वळला. "नोकरी लागेपर्यंत... थांबशील, सोजर?"

"व्हय," सोजर म्हणाली. तिनं विळा कमरेला खोचला, अन् तिघं गावाकडं निघाली. ठोंब तसाच ठेवला.