रूपगाळणी

पडद्यावर एक मूल दोन्ही हात पुढे करते.

यंत्राशी बसलेल्या डॉ. गुरवांच्या डब्यात आज पुन्हा शेपूची भाजी.

उमेदवार ३१७. चेहरा नाही, आवाज नाही, नाव नाही.

मायेचे गुण : शंभरात अकरा.

“अकरा?” डॉ. हेमलता दाभाडे म्हणाल्या. “गुरव, तारा नीट लावल्यात ना?”

“तीनदा लावल्या, मॅडम. अकराच.”

नाशिकच्या वृत्तिमापन प्रयोगशाळेत पाळणाघरांसाठी सेविका निवडल्या जात. रंगरूप पाहून कुणी डावलले जाऊ नये म्हणून दाभाड्यांनी रूपगाळणी बनवली होती. परीक्षकाला उमेदवार दिसतच नसे, दिसत फक्त मेंदूतल्या लहरी. आभासी मूल जवळ आले की मन पुढे झेपावते की मागे सरते, एवढेच वृत्तिमापक मोजत असे. साठच्या खाली नोकरी नाही.

३१७ मागे सरत होती. मूल जितके लाघवी, तितकी जास्त.

“दगड आहे बाई,” गुरव म्हणाले.

“दगड मागे सरत नाही.”

दाभाड्यांनी गाळणी बंद केली. नियम मोडला. काचेपलीकडे शकुंतला बोरसे बसली होती. कपाळापासून बोटांपर्यंत कोडाचे पांढरे डाग.

“ताई, मूल आलं की मागे का सरता?”

“मी? कुठं सरते?” ती गोंधळली. मग म्हणाली, “त्याच्या आईनं ओढून न्यायच्या आधी आपणच हात घ्यावा ना मागं. पोर रडत नाही मग.”

गुरव दाभाड्यांकडे वळले.

“पण मॅडम, तोंड तर आपण झाकलं होतं!”

“आपल्यापासून. तिच्यापासून कसं झाकणार?”

गुरवांनी आभासी मूल झोपवले. पुन्हा चाचणी. ब्याण्णव.

मूल जागे केले. अकरा.

“यातला खरा आकडा कुठला?”

“दोन्ही तिच्याच मनाचे.”

“अहो, पण चौकोन एकच आहे अहवालात!”

ब्याण्णव लिहायचे तर कारण लिहावे लागले असते, आणि कारण लिहायचे तर चेहरा पाहिल्याचे कबूल करावे लागले असते. चेहरा पाहून दिलेले गुण रद्द होतात. नियम दाभाड्यांचाच होता. नियम चुकीचा होता का, हेही त्यांना आता सांगता येईना.

त्यांनी अकरा लिहिले.

त्या दिवशी सकाळी, बाहेरच्या बाकावर, दुसऱ्या एका उमेदवाराचे रडणारे तान्हे शकुंतलेने हात न लावता, लांबूनच गुणगुणत झोपवले होते.