खेकड्यासाठी दिलेला होकार

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी यशोधराच्या चपला हातात घेऊन उभा होतो. तिला आत नेताना नर्सने माझ्याकडे दिल्या होत्या. "गेल्या त्या," डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. पण चपला कुठे ठेवायच्या ते कळेना. शेवटी तिच्या भावाने, वरदने, त्या माझ्या हातातून काढून घेतल्या.

तेव्हापासून दमल्यासारखं वाटतं. झोपून उठलो तरी दमलेलाच असतो.

पहिल्यांदा त्या चपला हातात आल्या ते समुद्रावर. म्हणजे तेव्हाच्या चपला. अंबरनाथच्या आमच्या कारखान्याची पिकनिक अलिबागकडे गेली होती. ओहोटी होती, खडक उघडे पडले होते. मी एक दगड उलटवला. खालून खेकडे पळाले. मजा वाटली, म्हणून पुढच्या दगडाला हात घातला.

"ओ! तुमच्या घराचं छप्पर काढून कोणी असंच निघून गेलं तर चालेल?"

मागे पॅकिंगमधली यशोधरा. कारखान्यात कधी बोललो नव्हतो.

"खेकड्यांना कसलं छप्पर?"

"हसू नका. दगडाच्या खालच्या बाजूला अंडी चिकटलेली असतात. ऊन लागलं की संपलं. होता तसा ठेवा. हळू! बोटं चिरडतील."

"माझी की त्यांची?"

"त्यांची," ती म्हणाली... आणि मग तिलाच हसू आलं. "माझ्या चपला धरा. कुठे पाय ठेवायचा ते दाखवते."

तिचं आजोळ किनाऱ्यावरचं. ती जिवंत शिंपल्यांवर पाय न देता मोकळ्या खडकावरून चालायची. मी तिच्या मागून. समुद्र कमी बघितला, तिच्या टाचा जास्त.

मग आम्ही दोघंच जायला लागलो. एकदा मी एक शंख खिशात टाकला.

"काढ बाहेर."

"रिकामा आहे गं."

"म्हणूनच. कोणीतरी राहायला येईल. तुला बदलापुरात फ्लॅट मिळाला, त्यांना नको?"

"त्यांना लोन कोण देणार?"

"तू. ठेव खाली."

आमचा एक नियम होता. दगड ज्याने उचलला, त्यानेच जागेवर ठेवायचा. एका रविवारी मी दगड जरासा उचलून धरला. खाली खेकड्याची मादी, पोटाशी अंडी घेऊन. यशो वाकून बघत होती. केस वाऱ्याने तोंडावर येत होते. किती दिवस घोकलेलं वाक्य नको तेव्हा बाहेर पडलं.

"माझ्याशी लग्न करशील?"

"आधी दगड ठेव."

"आधी सांग."

"भूपेश, तिला ऊन लागतंय!"

"मग लवकर सांग..."

"हो बाबा, हो! ठेव आता!"

मी ठेवला. हळू.

लग्नानंतर बदलापुरात, शिरगावच्या घरी कोणीही आलं की ती सांगायची, "मी याला हो म्हटलंच नाही. खेकडीसाठी म्हटलं." सगळे हसायचे. मीही हसायचो. पण ते मनात कुठेतरी राहून गेलं होतं.

उल्हासनगरच्या दवाखान्यात सलाईन चालू असताना ती म्हणाली, "परत एकदा विचार ना मला. नीट. हातात दगड नको."

"आत्ता विचारू?"

"इथे फिनेलचा वास येतो. तिकडे विचार, पाण्यापाशी."

"आणि नाही म्हणालीस तर?"

"विचारून तर बघ," ती म्हणाली आणि डोळे मिटले. डोळे मिटूनही हसत होती.

पुढचा रिपोर्ट येऊ दे मग जाऊ, असं मी म्हणत राहिलो. रिपोर्ट येत राहिले.

वरद आणि मी अस्थी घेऊन त्याच किनाऱ्यावर गेलो. पाण्यात कचरा नको म्हणून हार घरीच ठेवला होता. अस्थी पाण्यात सोडल्यावर पिशवी घडी करून मी परत खिशात घातली. खडकांवर कोणीतरी एक दगड उलटा टाकून गेलं होतं. ओला होता अजून. मी तो सरळ करून जागेवर ठेवला. मग तसाच पाण्यापाशी उभा राहिलो. हात रिकामे होते. पाणी घोट्यापर्यंत आलं.

"दाजी, चला, भरती लागली," वरदने हाक मारली.

मी निघालो. तिला नीट विचारायचं राहिलं आहे.