सामाईक पॅसेजची राखण

बॅटरी विझवा पोरांनो, या गोष्टीला उजेड लागत नाही. दौंडच्या सम्राटच्या बाबतीत घडलेली आहे, त्याच्याच तोंडून ऐकलेली. २००४ सालची पौष अमावास्या, बुधवार.

सम्राट वायरमन. वरवंडला हायवेच्या कडेला दुकानांची दुमजली इमारत आहे, मधे सगळ्यांचा मिळून एक पॅसेज. तिथं चोरांसाठी अलार्म बसवायचं काम त्यानं घेतलं होतं. स्वतःच्या नावावरचं पहिलंच काम, आणि तेच धड होईना. रोज मध्यरात्री सायरन बोंबलायचा. उंदीर असतील म्हणून त्यानं बिळं बुजवली. सेन्सर बदलला. वायर नवी ओढली. तरी बोंब आहेच. दुकानदार त्याला बघून हसायला लागले. शेवटी कापडवाले पोपटराव म्हणाले, "आज वाजला तर सकाळी समदं उपसून न्यायचं. आन् परत या गावात काम मागायचं न्हाई."

वैतागून तो ज्ञानूच्या टपरीवर चहाला बसला. तिथं ज्ञानूनं सांगितलं, की आधी कोंडिबा म्हातारा रात्री या पॅसेजची राखण करायचा. एकेक कुलूप दोनदा ओढून बघायचा, मग कडीत कडुलिंबाची काडी खोचायचा. सकाळी काडी जागेवर असली की कुलपाला कुणाचा हात लागला नाही. मग त्यातल्याच एका काडीनं दात घासत घरी जायचा. अलार्म आला तसं पॅसेजच्या तोंडाच्या ग्रिलला नवं कुलूप लागलं, त्याची किल्ली कोंडिबाकडं नव्हती.

"मग कोंडिबाआबांना नका येऊ म्हणून सांगितलं कुणी?" सम्राटनं विचारलं.

ज्ञानू कप विसळत राहिला. "समद्यांचा माणूस त्यो. ह्या दुकानदाराला वाटलं त्यो सांगंल, त्याला वाटलं ह्यो."

कोंडिबा येतच राहिला. बंद ग्रिलबाहेर पायरीवर, थंडीत बसून रात्र काढायचा. आठवडाभरात तापानं गेला. सायरनची बोंब त्यानंतरची.

सम्राटनं हे कानाआड केलं. दोष वायरिंगमधेच असणार. रात्री ग्रिल आतून लावून तो जिन्याखालच्या खोलीत, पॅनलसमोर बसला. सायरनची तार सोडवली, म्हणजे पॅनलवर कुठल्या सेन्सरचा दिवा लागतो ते शांतपणे बघता येईल. हत्यारांची पेटी बंद करून मांडीवर घेतली.

बारा वाजून गेले.

ग्रिलचा दिवा लागला.

त्यानं बसल्या जागेवरून डोकावून पाहिलं. कुलूप जसंच्या तसं. पॅसेज मोकळा.

मग पॅसेजचा दिवा लागला. आणि आवाज...

खट्. खट्.

पहिलं शटर. थोडं थांबून पुढचं.

खट्. खट्.

आवाज जवळ येत होता. शेवटचं शटर झालं... आणि थांबला.

खोलीच्या दाराशी कुणीतरी उभं होतं. दिसत काही नव्हतं. नुसता लिंबाच्या पाल्याचा कडू वास.

पळावं तर वाट तीच.

त्यानं दाराकडं तोंड केलं.

"आबा... तुम्हाला सांगायला पायजे हुतं. कुणीच न्हाई सांगितलं. आमचं चुकलं." त्यानं पेटीवरच हात जोडले. "आता हितं मी बघतो. तुम्ही घरी जावा."

पॅसेजचा दिवा विझला. मग ग्रिलचा.

त्या रात्रीनंतर अलार्म कधी विनाकारण वाजला नाही. पोपटरावांनी पुढं त्याला आणखी कामं मिळवून दिली. वायरिंग सुधारलं, असंच ते समजतात.

पण त्या सकाळी ग्रिल उघडायला सम्राट उठायला लागला, तेव्हा त्याचं लक्ष पेटीकडं गेलं. रात्रभर ती त्याच्या मांडीवर होती, दोन्ही हात तिच्यावर.

पेटीच्या कडीत लिंबाची काडी खोचलेली होती. ओली. हिरवीगार.