वडीतले चाळीस मणी

मिरजेच्या क्रीडा-प्रयोगशाळेतल्या पडद्यावर चाळीस ठिपके होते. त्यांतले वीस लाल.

"हे वीस साखरमणी शिट्टी वाजण्याआधीच फुटलेत," डॉ. शबाना बागवान म्हणाल्या. "तिन्ही चाचण्यांत हेच. पोरगी घाबरते, घोरपडे सर. निवडीला हिला नको."

"ही घाबरते?" प्रशिक्षक घोरपडे म्हणाले. "रेषेवर उभी राहून जांभया देते ही."

कोपऱ्यात बसलेल्या केतकीने मुक्ताचा हात घट्ट धरला. बारा वर्षांची तिची लेक आठशे मीटर धावायची. बाजारातल्या प्रत्येक ऊर्जावडीच्या वेष्टनामागचं बारीक अक्षर केतकीने वाचून काढलं होतं. एकीत नुसती साखर, दुसरीतल्या ओट्सनं शेवटच्या फेरीत पोट जड. म्हणून प्रयोगशाळेची ही साखरमण्यांची वडी निवडली, तीही चार कागदांवर सह्या करून.

पळायच्या आधी मणी फुटतीलच कसे, असं घोरपड्यांनी विचारलं. बागवानबाईंनी समजावलं. प्रत्येक मण्यात साखर कोंडलेली. शरीर ताणाखाली आलं की रक्तात जो रस उतरतो, त्याची चाहूल लागताच पोटातला मणी फुटतो, साखर सुटते. फुटताना तो बारीकसा संकेत पाठवतो, मैदानावरचा संकेतग्राही तो टिपतो.

"मण्याला पाय दिसत नाहीत, सर. पळणं काय नि धास्तावणं काय, त्याला सारखंच."

"आणि संकेत कुणाच्या पोटातून आला, ते?"

"वडीचा क्रमांक कळतो. वडी मुक्ताची, म्हणजे पोट मुक्ताचंच की."

मुक्ताने मान वर करून आईकडे पाहिलं.

पहिल्या मऊ भातापासून घरचा शिरस्ता होता. लेकीच्या तोंडात नवं काही जायचं, तर आधी अर्धं आईच्या पोटात. तासभर आईला काही झालं नाही, की मग उरलेलं लेकीला. तिसऱ्या कागदावर मात्र छापलं होतं, वडी दुसऱ्या कुणी खाऊ नये. खाली केतकीची सही.

बोललं तर नियम मोडला म्हणून नाव कटणार. गप्प बसलं तर घाबरट म्हणून. पण घाबरट मुक्ता नव्हती.

"अर्धी वडी मी खाते," केतकी म्हणाली. "दर वेळी. मग जाऊन प्रेक्षकांत बसते."

बागवानबाईंनी उरलेले वीस ठिपके पुन्हा तपासले. दुसऱ्या फेरीत, एकामागून एक, अगदी हवे तिथे फुटलेले.

"म्हणजे पोर अर्ध्या वडीवर पहिली येत होती?" घोरपडे हसायलाच लागले.

बागवानबाईंनी केतकीला चांगलं फैलावर घेतलं. नाव मात्र कापलं नाही.

निवडीच्या दिवशी मुक्ताला अर्धीच वडी मिळाली, तिला तेवढी पुरत होती. उरलेली अर्धी, वेगळा क्रमांक घालून, बाईंनीच केतकीच्या हातावर ठेवली. मुक्ता दुसरी आली, संघात निवडली गेली.

पडद्यावर मुक्ताचे तीन मणी अजून शाबूत होते. केतकीचे वीसच्या वीस शिट्टीपूर्वीच संपले होते. बाकावरून उठताना आठशे मीटर पळून आलेल्या मुक्तानेच तिला हात दिला.